दोन घटकांची उणीव, दोष एकाच जनुकाचा: एलमॅन-१ चे एक प्रकरण

अक्कलदाढ काढल्यानंतर तिसऱ्या दिवशीही जखमेतून रक्त झिरपत राहिलेल्या १९ वर्षांच्या एका तरुणीचे हे प्रकरण आहे. ही तरुणी म्हणजे कोणी एक विशिष्ट व्यक्ती नव्हे. एलमॅन-१ या जनुकातील दोषामुळे रक्त गोठवणारे दोन घटक कमी पडतात, त्या विकाराच्या वैद्यकीय वर्णनांत जी लक्षणे, तपासणीचे जे आकडे आणि निदानातील ज्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात, त्या एकत्र करून हा प्रातिनिधिक रुग्ण उभा केला आहे. विकार अत्यंत दुर्मीळ आहे; साधारण १० लाखांत १ असे त्याचे प्रमाण मानले जाते. तरीही त्याचा सविस्तर अभ्यास करावासा वाटतो, कारण पेशीच्या आत प्रथिने कशी निवडली जातात आणि कशी वाहून नेली जातात, हा एरवी प्रयोगशाळेपुरता राहणारा प्रश्न येथे दाताच्या जखमेपर्यंत येऊन पोहोचतो.

रुग्णाची पूर्वपीठिका

दाढ काढताना कोणतीही अडचण आली नव्हती. पहिल्या काही तासांत रक्त थांबल्यासारखे वाटले, रात्री पुन्हा सुरू झाले, कापसाचा बोळा दाबून धरला की थांबे आणि बोळा काढला की पुन्हा पाझरे. दंतवैद्यांनी टाके घातले, तरी टाक्यांच्या कडेने रक्त येतच राहिले. तेव्हा त्यांनी योग्य तो निर्णय घेतला आणि जखमेवर आणखी उपाय करत बसण्याऐवजी रुग्णाला रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवले.

मागची हकीकत विचारल्यावर हळूहळू बरेच काही पुढे आले. लहानपणी उन्हाळ्यात तिचा घोळणा वारंवार फुटत असे आणि तो अर्धा-पाऊण तास थांबत नसे. घरच्यांनी त्याला उष्णतेचा त्रास मानले होते. पाळी सुरू झाल्यापासून अंगावरून फार जाई, सात-आठ दिवस जाई आणि हिमोग्लोबिन कायम कमी असे, त्यासाठी लोहाच्या गोळ्या चालू होत्या. मुका मार लागला की काळेनिळे डाग मोठे उठत. मात्र सांधा सुजून आत रक्त साचल्याची घटना कधी घडली नव्हती, आणि विनाकारण मोठा रक्तस्रावही झाला नव्हता. आई आणि वडील एकमेकांचे जवळचे नातलग होते. दोघांनाही रक्तस्रावाचा त्रास नव्हता. तिच्याहून तीन वर्षांनी मोठ्या भावाला मात्र लहानपणीच ‘सौम्य हिमोफिलिया ए’ असल्याचे सांगितले गेले होते. एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्याला बराच रक्तस्राव झाला होता, त्या वेळी केलेल्या तपासणीत फॅक्टर आठ हा रक्त गोठवणारा घटक कमी आढळला होता, आणि तपास तेथेच थांबला होता.

भावाच्या या निदानामुळे बहिणीकडे पाहण्याची दृष्टीही ठरून गेली होती. हिमोफिलिया ए हा एक्स गुणसूत्रावरील जनुकाचा विकार आहे, तो बहुधा मुलग्यांना होतो आणि मुली त्याच्या वाहक असतात. वाहक मुलींपैकी काहींचा फॅक्टर आठ कमी असू शकतो आणि त्यांना थोडाफार त्रासही होतो. त्यामुळे ‘ही वाहक आहे, म्हणून हिला थोडे जास्त रक्त जाते’ हे स्पष्टीकरण सगळ्यांना पटण्याजोगे होते. या संपूर्ण प्रकरणात सर्वांत अडचणीचे ठरले ते हेच अर्धे खरे वाटणारे स्पष्टीकरण, असे माझे मत आहे. कारण उघडपणे चुकीचे निदान लवकर उघडकीस येते, पण निम्म्या लक्षणांना लागू पडणारे निदान वर्षानुवर्षे टिकून राहते.

तपासणी

प्लेटलेटची संख्या २ लाख ६० हजार, म्हणजे अगदी व्यवस्थित होती. रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणारा प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे पीटी, १७.५ सेकंद आला, जेव्हा तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी नमुन्याचा १२ सेकंद होता. त्याच प्रकारचा दुसरा वेळ, एपीटीटी, ६४ सेकंद आला आणि निरोगी नमुन्याचा ३०. थ्रॉम्बिन टाइम आणि फायब्रिनोजेन दोन्ही योग्य मर्यादेत होते.

रक्त गोठण्याच्या प्रक्रियेत पीटी हा फॅक्टर सातपासून सुरू होणारा मार्ग तपासतो आणि एपीटीटी हा फॅक्टर बारा, अकरा, नऊ आणि आठ यांचा मार्ग तपासतो. फॅक्टर दहाशी हे दोन्ही मार्ग एकत्र येतात आणि पुढे पाच, दोन व फायब्रिनोजेन असा सामाईक टप्पा असतो. एकट्या फॅक्टर आठची उणीव असेल तर फक्त एपीटीटी लांबते; पीटीला त्याचा स्पर्शही होत नाही. येथे पीटीही लांबली होती. म्हणजे ‘हिमोफिलियाची वाहक’ हे स्पष्टीकरण पहिल्याच कागदावर अपुरे पडले होते. शिवाय पीटी थोडीच लांबलेली आणि एपीटीटी दुपटीहून जास्त, हे प्रमाणही लक्ष वेधून घेणारे होते. सामाईक टप्प्यातील काहीतरी कमी आहे आणि एपीटीटीच्या स्वतंत्र वाटेवरचेही काहीतरी कमी आहे, असा त्याचा अर्थ निघत होता.

रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी प्लाझ्मा समप्रमाणात मिसळून केलेल्या चाचणीत पीटी आणि एपीटीटी दोन्ही जवळजवळ पूर्ववत झाल्या आणि दोन तास उबवूनही तशाच राहिल्या. याचा अर्थ असा की, घटकांना निष्प्रभ करणारे प्रतिपिंड रक्तात नसून घटकांचीच उणीव होती. मग एकेक घटक मोजण्यात आला. फॅक्टर दोन, सात, नऊ आणि दहा यांची पातळी योग्य होती. फॅक्टर पाच १३ टक्के आणि फॅक्टर आठ १६ टक्के भरला.

नेमक्या या ठिकाणी घाई करून चालत नाही. फॅक्टर पाच आणि फॅक्टर आठ हे दोन्ही घटक नमुन्यात टिकण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहेत. रक्त काढल्यानंतर प्लाझ्मा वेगळा करायला उशीर झाला, तो खोलीच्या तापमानाला तसाच पडून राहिला किंवा नमुन्यात अर्धवट गुठळी झाली, तर नेमके हेच दोन घटक घसरतात. म्हणजे निरोगी माणसाचा हेळसांड झालेला नमुना या दुर्मीळ विकाराच्या नमुन्यासारखाच दिसू शकतो. त्यामुळे नवा नमुना घेतला गेला, तो तत्काळ वेगळा करून गोठवला गेला आणि पुन्हा मोजला गेला. आकडे १२ आणि १७ टक्के आले. उणीव नमुन्यात नसून रुग्णातच होती, हे त्यानंतरच निश्चित झाले.

मग उरलेल्या शक्यता एकेक करून बाजूला सारण्यात आल्या. के जीवनसत्त्वाच्या अभावात दोन, सात, नऊ आणि दहा हे घटक कमी होतात. पाच आणि आठ त्या जीवनसत्त्वावर अवलंबून नाहीत, आणि येथे चित्र बरोबर उलट होते. यकृताच्या आजारात फॅक्टर पाच कमी होतो खरा, पण त्याच्या जोडीला सातही घसरतो, आणि फॅक्टर आठ तर योग्य पातळीवर राहतो किंवा वाढतोसुद्धा. शरीरभर लहान लहान गुठळ्या होऊन घटक खर्ची पडण्याच्या अवस्थेत पाच आणि आठ दोन्ही कमी होतात, मात्र तेव्हा रुग्ण गंभीर आजारी असतो, प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन घटलेले असतात. व्हॉन विलेब्रँड फॅक्टर कमी असेल तर रक्तात त्याच्या आधाराने राहणारा फॅक्टर आठ टिकत नाही. तो मोजला असता पूर्ण योग्य निघाला, आणि त्याच्या अभावाने फॅक्टर पाच कमी झाला नसताच.

शेवटी एक शक्यता उरली, ती म्हणजे एकाच घरात दोन निरनिराळे आनुवंशिक विकार योगायोगाने एकत्र आले असतील. फॅक्टर पाचचे जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे आणि फॅक्टर आठचे एक्सवर. दोघांचा आनुवंशिकतेचा मार्ग वेगळा, त्यामुळे असा योगायोग घडला असता तर घरातील कोणाचा फक्त पाच कमी, कोणाचा फक्त आठ कमी, असे विस्कटलेले चित्र दिसायला हवे होते. त्यासाठी भावाला पुन्हा बोलावून त्याचे दोन्ही घटक मोजले. फॅक्टर पाच १४ टक्के, फॅक्टर आठ १५ टक्के. आईवडिलांचे दोन्ही घटक जवळजवळ योग्य होते. दोन्ही भावंडांत दोन्ही घटक हातात हात घालून खाली आले होते, आणि मुलगी व मुलगा दोघांनाही सारखाच त्रास होता. एक्स गुणसूत्राचा येथे संबंध नव्हता. अप्रभावी पद्धतीने येणारा, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तरच त्रास देणारा, एकच दोष दोन्ही घटकांना एकदम खाली ओढत होता. या विकाराला फॅक्टर पाच आणि आठ यांची संयुक्त उणीव म्हणतात.

एकच दोष दोन घटकांना कसा बाधतो

१९५४ मध्ये ओएरी आणि सहकाऱ्यांनी या विकाराचे पहिले वर्णन केले, तेव्हापासून हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. फॅक्टर पाच आणि आठ हे रचनेने भावंडासारखे आहेत. दोन्ही फार मोठी प्रथिने आहेत, दोघांच्याही विभागांचा क्रम सारखा आहे आणि दोघांच्या मध्यभागी साखरेच्या शाखांनी गच्च भरलेला बी-विभाग आहे. सक्रिय झालेले प्रोटीन सी हे दोघांनाही तोडून निष्क्रिय करते. यावरून १९८० मध्ये असा तर्क मांडला गेला की, या रुग्णांत प्रोटीन सीला आवर घालणारे प्रथिन नसावे, त्यामुळे प्रोटीन सी मोकाट सुटून दोन्ही घटकांचा फडशा पाडत असावे. तर्क सुसंगत होता, पण इतरांच्या मोजमापांत तो टिकला नाही. त्या रुग्णांत हे आवर घालणारे प्रथिन व्यवस्थित आढळले.

उत्तर रक्तात नव्हतेच. १९९७ मध्ये दोन गटांनी नात्यातील विवाहांतून जन्मलेल्या रुग्णांच्या कुटुंबांचा अभ्यास करून दोषाची जागा १८ व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर निश्चित केली. १९९८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील डेव्हिड गिन्सबर्ग यांच्या गटाने दोष नेमका कोणत्या जनुकात आहे ते दाखवले. ते जनुक गोठण्याच्या प्रक्रियेशी थेट संबंधित नव्हते. त्याचे प्रथिन पेशीशास्त्रज्ञांना आधीच ओळखीचे होते: १९८८ मध्ये बाझेल येथील हान्स-पीटर हाउरी यांच्या गटाने ते शोधले होते, आणि पेशीतील एका मधल्या कप्प्याची खूण म्हणून ते सूक्ष्मदर्शकाखाली सर्रास वापरले जात होते. ते प्रथिन म्हणजे ईआरजिक-५३, आणि त्याचे जनुक एलमॅन-१. दहा वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत जे प्रथिन केवळ रंगवून पाहिले जात होते, त्याचे शरीरातील काम काय, हे रक्तस्रावाच्या रुग्णांनी दाखवून दिले. जनुकशास्त्र आणि पेशीशास्त्र यांची इतकी नेमकी गाठ पडल्याची उदाहरणे मला फार थोडी आठवतात.

हे काम समजण्यासाठी बाहेर स्रवल्या जाणाऱ्या प्रथिनाचा प्रवास पाहावा लागतो. असे प्रथिन तयार होत असतानाच त्याच्या सुरुवातीला असलेल्या संकेतखंडामुळे आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीतील पटलांच्या जाळ्याच्या, आत ओढले जाते. या संकेतखंडांच्या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जालिकेच्या आत प्रथिनाला घड्या पडतात, त्यावर साखरेच्या शाखा जोडल्या जातात, आणि घडी नीट बसली की ते पुढे जाण्यास पात्र ठरते. पुढे जायचे म्हणजे जालिकेच्या पटलाला फुगवटा येऊन सुटणाऱ्या पुटिकेत, म्हणजे इवल्या पिशवीत, शिरायचे. या पुटिकांना बाहेरून कॉप-दोन नावाच्या प्रथिनांचे आवरण असते. ते आवरणच पटलाला वाकवते आणि पुटिका तोडून वेगळी करते. या आवरणाचे घटक यीस्टच्या पेशींवरील प्रयोगांतून उलगडत गेले, आणि त्या कामाचा मोठा वाटा असलेल्या रँडी शेकमन यांना २०१३ चे नोबेल विभागून मिळाले.

येथे एक साधी पण मूलभूत अडचण आहे. न्यायचे प्रथिन जालिकेच्या आतल्या पोकळीत आहे आणि आवरण बाहेर पेशीद्रवात आहे. मध्ये पटल आहे. आवरणाला आतला माल दिसत नाही. पुष्कळशी प्रथिने पोकळीतील द्रवाबरोबर आपोआप पुटिकेत शिरतात आणि तेवढ्यावर त्यांचे भागते. काहींना मात्र ओढून नेणारा ग्राही लागतो. तो पटलाच्या आरपार असतो, आतल्या टोकाने माल धरतो आणि बाहेरच्या टोकाने आवरणाला पकड देतो. एलमॅन-१ चे प्रथिन असाच मालवाहू ग्राही आहे.

या प्रथिनाचा बाहेरचा शेपूट फक्त १२ अमिनो आम्लांचा आहे, आणि त्यातील शेवटच्या चार अमिनो आम्लांत जाण्याची आणि परतण्याची अशी दोन्ही वाटांची व्यवस्था सामावलेली आहे. अगदी शेवटी दोन फेनिलअलॅनिन आहेत. त्यांना कॉप-दोन आवरण पकडते आणि ग्राही पुढे जातो. त्यांच्या आधी दोन लायसिन आहेत. त्यांना कॉप-एक नावाचे दुसरे आवरण पकडते आणि ग्राही मागे जालिकेत परततो. आतल्या टोकाला साखर ओळखणारा विभाग आहे. मॅनोज ही साखर जास्त असलेल्या शाखा त्याला कॅल्शियमच्या साहाय्याने धरता येतात. जालिकेत कॅल्शियम भरपूर असते, तेथे पकड बसते. पुढच्या मधल्या कप्प्यात कॅल्शियम कमी होते, आम्लता थोडी वाढते आणि पकड सुटते. माल पुढच्या टप्प्याकडे, म्हणजे गॉल्जी पिंडाकडे, जातो, ग्राही रिकामा परत येतो. अशी सहा एकके एकत्र बांधली जाऊन पूर्ण ग्राही बनतो.

या ग्राहीला एक जोडीदारही आहे. एलमॅन-१ मध्ये दोष न सापडलेल्या काही कुटुंबांचा शोध पुढे चालू राहिला आणि २००३ मध्ये दुसऱ्या गुणसूत्रावरील एमसीएफडी-२ हे जनुक सापडले. त्याचे प्रथिन लहान आहे, कॅल्शियम धरणारे आहे आणि ते स्वतः पटलात रुतलेले नसते. एलमॅन-१ ला चिकटून राहते. फॅक्टर पाच आणि आठ यांना ओळखण्यात त्याचा वाटा मोठा आहे. एलमॅन-१ नसेल तर हे लहान प्रथिन पेशीत थांबवून धरणारे कोणी राहत नाही आणि ते बाहेर वाहून जाते, म्हणजे एलमॅन-१ च्या अभावात प्रत्यक्षात दोघेही गमावले जातात. याउलट एमसीएफडी-२ नसेल तर एलमॅन-१ आपल्या जागी राहते. असे असूनही एमसीएफडी-२ च्या रुग्णांत घटकांची पातळी सरासरीने थोडी अधिक खालावलेली आढळते. ग्राही असूनही मालाची नेमकी निवड होत नसल्याने तो अडकून पडत असावा, असे यावरून वाटते, पण या बाबतीत ठाम विधान करणे मी टाळेन. एकंदर कुटुंबांपैकी साधारण ७० टक्क्यांत दोष एलमॅन-१ मध्ये आणि उरलेल्या बहुतेकांत एमसीएफडी-२ मध्ये सापडतो.

आपल्या रुग्णात एलमॅन-१ च्या दोन्ही प्रतींत एकच दोष निघाला. एक न्यूक्लिओटाइड गळाल्यामुळे वाचनाची चौकट सरकली होती, पुढे लगेच थांबण्याचा संकेत येत होता, आणि पूर्ण प्रथिन तयारच होत नव्हते. आई आणि वडील दोघांतही याच दोषाची एकेक प्रत होती. या जनुकातील बहुतेक दोष असेच प्रथिन पूर्णपणे नाहीसे करणारे असतात.

एक बारकावा मला येथे विशेष महत्त्वाचा वाटतो. फॅक्टर पाच मुख्यतः यकृताच्या पेशींत तयार होतो आणि फॅक्टर आठ रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत. म्हणजे दोन वेगळ्या प्रकारच्या पेशींत, दोन वेगळ्या प्रथिनांना एकच ग्राही लागतो, आणि तो नसला की दोन्हीकडे एकाच वेळी अडथळा येतो. दोन्ही घटकांची जनुके या रुग्णात निर्दोष आहेत, प्रथिनेही योग्य घडणीची आहेत; ती फक्त पुरेशी बाहेर येत नाहीत. म्हणूनच घटकांची क्रियाशीलता आणि घटकांचे प्रत्यक्ष प्रमाण या दोन्ही चाचण्या सारख्याच खाली येतात. प्लेटलेटमधील फॅक्टर पाचही या रुग्णांत कमी असतो, कारण तो प्लेटलेटने प्लाझ्मातूनच उचलून साठवलेला असतो.

मग सगळे प्रथिन आत का अडकत नाही? रुग्णांतील पातळी बहुधा ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान राहते, शून्यावर कधी येत नाही. ग्राही पूर्ण नाहीसा असूनही काही माल सुटतोच, याचा अर्थ द्रवाबरोबर आपोआप जाण्याची वाट किंवा दुसऱ्या एखाद्या ग्राहीची मदत त्यांना मिळत असावी. उंदरांत एलमॅन-१ पूर्ण काढून टाकल्यावर हे घटक निम्म्याच्या आसपासच उतरतात, म्हणजे पर्यायी वाट प्रत्येक प्राण्यात सारखी नाही. या ग्राहीच्या मालात कॅथेप्सिन सी, कॅथेप्सिन झेड आणि अल्फा-१-अँटिट्रिप्सिन हीही प्रथिने आढळली आहेत, तरी रुग्णांना त्यांच्या अभावाचा कोणताही त्रास दिसत नाही. ग्राही एक, माल अनेक आणि तरीही लक्षणे फक्त रक्तस्रावाची, हा प्रश्न मला या जनुकाच्या अभ्यासातील सर्वांत उघडा प्रश्न वाटतो.

उपचार आणि कुटुंबासाठी सल्ला

जखमेवर ट्रॅनेक्सॅमिक आम्ल या गुठळी टिकवून धरणाऱ्या औषधाच्या द्रावणात भिजवलेला बोळा ठेवला, तोंडाने त्याच्याच गोळ्या दिल्या आणि टाके नव्याने घातले. फॅक्टर आठची उणीव त्या घटकाच्या तयार औषधाने भरून काढली. फॅक्टर पाचसाठी तसे स्वतंत्र औषध सहज मिळत नाही, त्यामुळे ताजा गोठवलेला प्लाझ्मा दिला. त्याची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे १५ ते २० मिलिलिटर अशी ठेवली. हे दोन उपचार वेगवेगळ्या वेळापत्रकाने चालतात. फॅक्टर आठ रक्तात साधारण १२ तासांत निम्मा होतो, फॅक्टर पाच सुमारे ३६ तासांत. एकदा दोन्ही दिले आणि दुसऱ्या दिवशी फक्त पीटी पाहून समाधान मानले, तर फॅक्टर आठ केव्हाच घसरलेला असतो आणि पीटी ते सांगत नाही. म्हणून दोन्ही घटक स्वतंत्रपणे मोजत राहणे आवश्यक असते. डेस्मोप्रेसिन हे औषध अस्तरपेशींतील साठा मोकळा करून फॅक्टर आठ तात्पुरता वाढवू शकते, फॅक्टर पाचला मात्र त्याचा उपयोग होत नाही. रक्तस्राव दुसऱ्या दिवशी पूर्ण थांबला.

पाळीच्या त्रासासाठी पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक आम्ल आणि गरज पडल्यास संप्रेरकांचे उपचार ठरवले गेले. वेदनांसाठी ॲस्पिरिन आणि त्या जातीची औषधे टाळायची, स्नायूत इंजेक्शन घ्यायचे नाही, दातांचे कोणतेही काम आधी कळवल्याशिवाय करायचे नाही, असे लेखी दिले. पुढे प्रसूतीची वेळ आली तर रक्तस्रावाचा धोका प्रसूतीनंतरच्या दिवसांतही राहतो, त्यामुळे प्लाझ्मा आणि फॅक्टर आठ यांची व्यवस्था आधीपासून ठेवावी लागेल, हेही तिला आणि आईला बसवून समजावले. दोन घटक एकत्र कमी असले तरी रक्तस्राव दुप्पट होत नाही. तो त्या पातळीच्या एकट्या उणिवेइतकाच, म्हणजे बहुधा सौम्य ते मध्यम राहतो. हे ऐकून घरच्यांना जो धीर आला, तो माझ्या मते उपचाराचाच एक भाग होता.

निदान बदलल्याने सर्वांत मोठा फरक आनुवंशिक सल्ल्यात पडला. हिमोफिलिया मानून भावाला सांगितले गेले होते की, त्याच्या सगळ्या मुली वाहक असतील आणि नातवंडांपैकी मुलग्यांना विकार होऊ शकेल. बहिणीला सांगितले गेले होते की, ती वाहक असल्याने तिच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना हिमोफिलिया होण्याची शक्यता आहे. ही दोन्ही विधाने या घराला लागू नव्हती. दोष अप्रभावी आहे, तो १८ व्या गुणसूत्रावर आहे, आणि मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. या दोघांची सगळी मुले दोषाची एक प्रत घेऊन जन्मतील, पण जोडीदारात याच जनुकाचा दोष नसेल तर त्यांच्यापैकी कोणालाही विकार होणार नाही. त्याच नात्यातील जोडीदार असेल तर मात्र आधी तपासणी करून घेणे शहाणपणाचे, कारण वाहक जोडीदाराबरोबर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता निम्मी होते. आईवडिलांना आणखी अपत्य झाले असते तर त्याच्यासाठी ती चारांत एक राहिली असती.

भावाच्या बाबतीत उपचारही बदलले. इतकी वर्षे रक्तस्रावाच्या वेळी त्याला फक्त फॅक्टर आठ मिळत होता. निम्मी उणीव भरली जात होती आणि उरलेली तशीच राहत होती. त्याच्या जुन्या कागदांत एक पीटी सापडली, १६ सेकंदांची, आणि तिच्याभोवती कोणीतरी पेनाने गोल करून ठेवला होता. त्यापुढे मात्र काही लिहिलेले नव्हते. फॅक्टर आठ कमी आढळलेल्या प्रत्येक रुग्णाची पीटी पाहावी, ती थोडीशीही लांबलेली असेल तर फॅक्टर पाच मोजावा, आणि मुलीत फॅक्टर आठ १५-२० टक्क्यांवर असेल तर ‘वाहक’ म्हणून थांबण्यापूर्वी फॅक्टर पाच मोजावाच, असा नियम प्रत्येक प्रयोगशाळेने अहवालाच्या नमुन्यातच छापून ठेवावा, असे मला आग्रहाने सुचवावेसे वाटते. त्यासाठी लागणारी चाचणी नवी नाही आणि महागही नाही. जनुकाची तपासणी नंतरही करता येते. दोन्ही घटक एकत्र कमी आहेत हे कळले की उपचारापुरते आणि सल्ल्यापुरते निदान जवळजवळ झालेलेच असते.

भावाच्या नोंदीतील ‘हिमोफिलिया ए’ काढून त्या जागी संयुक्त उणीव असे लिहिले गेले, दोन्ही भावंडांना दोन्ही घटकांची नावे आणि आकडे असलेले ओळखपत्र दिले गेले, आणि दोघांच्या पुढच्या प्रत्येक शस्त्रक्रियेसाठी प्लाझ्मा आणि फॅक्टर आठ अशी दोन ओळींची मागणी त्यावरच लिहून ठेवली गेली.